झाडांची रोगप्रतिकारशक्ती आणि मुलांच्या मेंदूतली गाठ : खारघरच्या संशोधनाची ओळख

जुईनगरहून पनवेल लोकल पकडली की नेरुळ, सीवूड्स, बेलापूर आणि मग खारघर. तिथे टाटा स्मारक केंद्राची ‘ॲक्ट्रेक’ ही कर्करोगावरील उपचार आणि संशोधनाची संस्था आहे. याच संस्थेत डॉ. नीलम शिरसाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांच्या मेंदूत होणाऱ्या ‘मेड्युलोब्लास्टोमा’ या गाठीवर बरंच काम केलं. हे काम ज्या ज्ञानावर उभं आहे, त्याचा एक धागा झाडांच्या पानाफुलांपर्यंत जातो.

झाड आजाराशी कसं लढतं?

झाडाला आपल्यासारख्या पांढऱ्या पेशी नसतात. तरी विषाणू आला की ते गप्प बसत नाही. 1990 मध्ये अमेरिकेत संशोधकांनी पेटुनियाच्या फुलांचा जांभळा रंग गडद व्हावा म्हणून रंगाचं जनुक वाढवून दिलं, तर काही फुलं चक्क पांढरी आली. झाडानेच ते जनुक गप्प केलं होतं. 1999 मध्ये अँड्र्यू हॅमिल्टन आणि डेव्हिड बॉलकोम्ब यांनी त्यामागचे अगदी छोटे, साधारण 25 अक्षरांचे आरएनए शोधले. झाड विषाणूच्या आरएनएचे तुकडे करतं आणि त्याच तुकड्यांच्या मदतीने उरलेला विषाणू ओळखून कापतं. चोराच्या सदऱ्याचा तुकडा हातात घेऊन चोर पकडावा, तसं. पपईच्या बागा उद्ध्वस्त करणाऱ्या रिंगस्पॉट विषाणूला तोंड देणारी पपई 1998 मध्ये हवाई बेटांवर शेतकऱ्यांना मिळाली, तिची ताकद हीच.

माणसाच्या पेशीत

जनुक म्हणजे पाककृतीचं पुस्तक. त्यातून एक चिठ्ठी स्वयंपाकघरात जाते, ती म्हणजे संदेशवाहक आरएनए. मायक्रोआरएनए हा साधारण 22 अक्षरांचा तुकडा त्या चिठ्ठीवर जाऊन बसतो आणि पदार्थ बनणं थांबवतो. व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकन यांच्या कामातून 1993 मध्ये तो एका बारीक कृमीत सापडला. 2000 मध्ये असाच एक तुकडा माणसातही असल्याचं दिसलं. 2024 चं नोबेल या दोघांना मिळालं. झाडाचं विषाणूशी लढणं आणि आपले मायक्रोआरएनए या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण त्यांची कात्री एकाच घराण्यातली आहे.

खारघरमध्ये काय झालं?

मेड्युलोब्लास्टोमा लहान मेंदूत, म्हणजे डोक्याच्या मागच्या भागात होतो. सूक्ष्मदर्शकाखाली सारख्या दिसणाऱ्या या गाठींचे जनुकांनुसार चार मुख्य गट आहेत : डब्ल्यूएनटी, एसएचएच, गट 3 आणि गट 4. डब्ल्यूएनटी गटातली बहुतेक मुलं उपचारांनी बरी होतात. गट 3 मध्ये धोका सर्वात जास्त. म्हणून गट कळणं महत्त्वाचं. अडचण अशी की रुग्णालयात गाठीचा नमुना मेणाच्या ठोकळ्यात जपलेला असतो आणि त्यात लांब आरएनए तुटून जातात. मायक्रोआरएनए मुळातच छोटे, ते टिकतात. त्यांचा आणि निवडक जनुकांचा आधार घेऊन शिरसाट यांच्या गटाने चाचणी तयार केली. ती 2013 मध्ये ‘न्यूरो-ऑन्कॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. महागड्या यंत्राशिवाय, पीसीआरवर ती करता येते.

गट कळला म्हणून उपचार लगेच कमी करता येतात, असं मात्र नाही. डोक्याला आणि मणक्याला दिलेल्या किरणांमुळे मुलांची वाढ आणि अभ्यास यांवर परिणाम होतो. म्हणून टाटा स्मारकच्या डॉक्टरांनी डब्ल्यूएनटी गटातल्या काही मुलांना फक्त गाठीच्या जागेपुरते किरण देऊन पाहिले. काहींचा आजार उलटला आणि ती चाचणी मध्येच थांबवावी लागली. तेव्हा “किरण कमी करा” असा हट्ट पालकांनी धरू नये. तो निर्णय डॉक्टरांवर सोडावा.

पालकांनी आणि शिक्षकांनी काय पाहावं?

सकाळी उठल्यावर डोकेदुखी आणि उलटी, चालताना तोल जाणं, एकाचे दोन दिसणं, अक्षर अचानक बिघडणं. यातलं काही सतत होत असेल तर “नजर लागली” म्हणून आठवडे घालवू नका. प्रत्येक डोकेदुखी गाठीची नसते, पण तपासणी बालरोगतज्ज्ञांनीच करावी. रुग्णालय बदलायचं झालं तर रिपोर्टसोबत मेणाचा ठोकळा, ज्याला तिथे ‘ब्लॉक’ म्हणतात, तोही मागून घ्या. पुढच्या चाचण्या त्यावरच होतात. खर्चाची चिंता असेल तर रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल विचारा.

अल्लाहने प्रत्येक आजारावर इलाज ठेवला आहे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. तो इलाज शोधायला कुणी पपईचं पान तपासतं, कुणी मेणातला नमुना. दुआ करावीच, पण दवेला उशीर करू नये.