शंभर किलोमीटरवरचं विजापूर

सोलापूर ते विजापूर अंतर शंभर किलोमीटर. माझं सगळं आयुष्य सोलापुरात गेलं. छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं आणि त्यातली निम्म्याहून अधिक वर्षं चौथीचा वर्ग माझ्याकडे होता. चौथी म्हणजे शिवछत्रपतींचं पुस्तक. 'विजापूरचा आदिलशहा' हे शब्द मी किती वेळा उच्चारले असतील याची गणती नाही. पण विजापूर पाहिलं ते आत्ता, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, ज्येष्ठ नागरिक संघाच्या एक दिवसाच्या सहलीत. शाळेच्या सहली प्रतापगडला गेल्या, रायगडला गेल्या, पन्हाळ्याला गेल्या. विजापूरला जावं असं कधी कुणाच्या मनातही आलं नाही. शत्रूच्या गावाला कुणी सहल नेतं का?

पहाटे सहाला बस निघाली. टाकळीजवळ भीमा ओलांडली की कर्नाटक लागतं. पाट्या कानडीत होतात, एवढाच काय तो फरक. काळी जमीन तीच, ज्वारी तीच, तूरही तीच. २०१४ मध्ये गावाचं नाव सरकारी कागदावर विजयपुरा झालं, पण आमच्या बसमध्ये आणि माझ्या तोंडी विजापूरच.

गोलगुंबजापाशी गाइड भेटला. पंचविशीतला मुलगा, आमच्या सोलापुरी वळणाचं मराठी बोलणारा. "आज्जी, जिना लई अरुंद हाय, तुम्ही खालीच बसा," म्हणाला. माझ्या गुडघ्यांनी लगेच होकार दिला.

मुहम्मद आदिलशहाची ही कबर. तो १६२७ ते १६५६ गादीवर होता, म्हणजे शिवाजी महाराजांच्या बालपणापासून तारुण्यापर्यंतचा तो आदिलशहा हाच. डोक्यावर बाहेरून १४४ फूट व्यासाचा घुमट आणि खाली एवढ्या मोठ्या दालनात एकही खांब नाही. गाइडने समजावलं, की भिंतींतून निघालेल्या आठ कमानी एकमेकींत गुंफल्या आहेत आणि सगळा भार त्या पेलतात. मी वर बघत बसले. मान दुखली तरी खाली बघवेना. मधल्या चौथऱ्यावर बादशहाची आणि त्याच्या घरच्यांची थडगी आहेत, खऱ्या कबरी तळघरात.

तेवढ्यात वरच्या सज्ज्यात पोचलेल्या आमच्या मंडळींपैकी कुणीतरी गंमत म्हणून हाक मारली, "बाऽई!" इथे एका हाकेचे सात-आठ प्रतिध्वनी येतात हे मी वाचलेलं होतं. तरी ते "बाई, बाई, बाई" चारी बाजूंनी यायला लागलं तेव्हा मधली सुट्टी संपल्यावरचा माझा वर्गच मला ऐकू आला. त्यातला एक आवाज मग दिवसभर माझ्याबरोबर राहिला. त्याची हकिकत पुढे सांगते.

जामा मशीद पाहून आम्ही गगनमहालाशी गेलो. पहिल्या अली आदिलशहाने १५६१ च्या सुमारास बांधलेला हा दरबार. छप्पर गेलंय, पण साठ फूट रुंदीची मधली कमान अजून उभी आहे. "दरबार" म्हटलं की मी मुलांना सांगत असे, की तिथे सगळं परकं होतं, भाषा परकी, माणसं परकी. आता निवृत्तीनंतर जरा वाचन झालं आहे. फेरिश्ता हा इतिहासकार याच गावात राहून लिहीत होता. तो सांगतो, की पहिल्या इब्राहीम आदिलशहाने हिशेबाच्या दफ्तरातून फार्सी काढून देशी भाषा आणली आणि त्यामुळे ब्राह्मण कारकुनांचा कारभारात शिरकाव झाला. शहाजीराजे १६३६ नंतर याच आदिलशाहीचे सरदार होते. १६४८ मध्ये याच दरबाराने त्यांना कैद केलं आणि पुढच्या वर्षी सोडलंही. हे सगळं आपल्याच माणसांच्या येण्याजाण्याचं घर होतं. मी ते वर्गात कधी सांगितलं नाही. खोटं काही सांगितलं नाही, पण एवढं सांगायचं राहिलं.

मग शेरझा बुरुजावरची मुलुख-मैदान तोफ. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली, पंचावन्न टनांची. तोंडाशी सिंहाचा जबडा आणि त्या जबड्यात सापडलेला हत्ती. ही तोफ १६३२ च्या सुमारास परांड्याहून इथे आणली ती मुरार जगदेवाने. हे नाव ऐकून मी चमकले. १६३० च्या सुमारास पुणं जाळून त्यावर गाढवाचा नांगर फिरवला गेला, तो याच मुरार जगदेवाच्या हुकुमावरून! 'आदिलशहाच्या फौजेने' असं आम्ही शिकवत होतो. हुकूम देणारा मराठी बोलणारा पंडित होता हे मुलांना कधी कळलंच नाही.

दुपारी इब्राहीम रौजा. दुसऱ्या इब्राहीमची आणि त्याची बेगम ताज सुलताना हिची ही कबर. गोलगुंबज भव्य, तर हा रौजा नाजूक. खिडक्यांना जाळीच्या जागी दगडात कोरलेली अक्षरं आणि त्यांतून आत येणारा उजेड. या इब्राहीमने गाण्यांचा 'किताब-ए-नौरस' हा ग्रंथ दखनीत रचला आणि त्यात सरस्वतीचं स्तवन केलं. लोक त्याला जगद्गुरू म्हणत. दर दसऱ्याला मुलांकडून पाटीवर सरस्वती काढून घेणाऱ्या मला हा बादशहा माहीतच नव्हता.

परतण्याआधी गाइडने गावाबाहेर नेलं. "साठ कबर," म्हणाला. शेताडीतून चालत गेलो. एका विहिरीजवळ काळ्या दगडाच्या कबरी, एकसारख्या, रांगेने. वरून सपाट, म्हणजे बायकांच्या. प्रतापगडावर निघण्यापूर्वी ज्योतिष्याने अफजलखानाला सांगितलं, की तू परत येणार नाहीस, तेव्हा त्याने आपल्या बायका विहिरीत बुडवल्या, अशी गोष्ट गाइडने सांगितली. ही दंतकथा. कबरी मात्र खऱ्या. अफजलखान १० नोव्हेंबर १६५९ ला मारला गेला आणि प्रतापगडाच्या पायथ्याशीच पुरला गेला, हे मुलांनी पाठ केलेलं असे. त्याच्यामागे इथे काय उरलं, हा प्रश्न आमच्या पुस्तकात नव्हता.

तिथे मला तो आवाज पुन्हा ऐकू आला. आमच्या गॅदरिंगमध्ये दरवर्षी 'प्रतापगडचा पराक्रम' असे. अफजलखानाचं काम मी दरवर्षी वर्गातल्या एखाद्या मुसलमान मुलाला देई. कुणी सांगितलं नव्हतं, मला ते आपोआप सुचे. एका वर्षी एक मुलगा टेबलाशी येऊन म्हणाला होता, "बाई, मला मावळा करा ना." मी म्हटलं, "अरे, तू उंच आहेस, खान तूच शोभतोस." तो वर्गात सगळ्यात उंच नव्हता.

महाराजांनी त्या भेटीला बरोबर नेलेल्या निवडक दहा जणांत सिद्दी इब्राहीम होता आणि खानाचा वकील होता कृष्णाजी भास्कर. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. त्या मुलाला सिद्दी इब्राहीम करायला मला काही अडचण नव्हती. फक्त सुचलं नाही.

तो मुलगा आता पन्नाशीला आलाय, सोलापुरातच असतो, वाटेत भेटला की वाकून नमस्कार करतो. घरी आल्यावर दोन दिवसांनी मी त्याला फोन केला आणि हे सगळं सांगितलं. तो हसला. "बाई, मला तर मजा यायची. दाढी लावायला मिळायची." मग थोडा थांबून म्हणाला, "अम्मीला आवडायचं नाही. म्हणून ती गॅदरिंगला यायची नाही."

इतकी वर्षं माझी समजूत, की त्यांच्या घरी शाळेचं कौतुक नाही.

तुमच्यापैकी कुणी सुट्टीत नातवंडांना घेऊन सोलापूरकडे आलात तर विजापूरला जरूर जा. सकाळी लवकर गेलात तर गुंबजात गर्दी नसते. मला हाक मारलीत तर मीही येईन. गुडघे तेवढे जिन्यापाशी थांबतील.