न बोलणारा धोका: मेहरौलीच्या लोहस्तंभापासून मायापुरीच्या शेडपर्यंत

दिल्लीच्या कुतुब परिसरातील लोहस्तंभ गंजत नाही, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. तो सांधलेला आहे, याची चर्चा मात्र क्वचितच होते. सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी, गुप्तकाळात, लोणारी कोळशाच्या भट्टीतून निघालेले लोखंडाचे गोळे लालभडक तापवून, घणाने ठोकून, एकमेकांत एकजीव करत सात मीटरांहून उंच आणि सहा टनांहून जड असा हा स्तंभ घडवला गेला. लोखंड न वितळवता सांधण्याची ही विद्या म्हणजे आजच्या वेल्डिंगची पूर्वज होय. स्तंभावरील लेखात चंद्र नावाच्या राजाचा पराक्रम कोरलेला आहे. घण मारणाऱ्यांविषयी त्यात एक अक्षरही नाही.

त्या लोहारांचा धोका बहुतांशी बोलका होता. आच लागली की हात आपसूक मागे येई, ठिणगी उडाली की पापणी मिटे. भट्टीच्या उष्ण किरणांनी वर्षानुवर्षांत डोळ्यांत मोतीबिंदू होतो, एवढी एकच गोष्ट मूकपणे घडत असे. काच कारखान्यांतील कामगारांच्या याच व्याधीवर उपाय म्हणून विल्यम क्रुक्स यांनी १९१३ च्या सुमारास उष्ण व अतिनील किरण शोषणाऱ्या काचा तयार केल्या.

विजेच्या ज्योतीने, म्हणजे आर्कने, हे गणित पालटले. या ज्योतीच्या झगझगाटाबरोबर अतिनील किरणांचा मोठा झोत बाहेर पडतो. हे किरण योहान रिटर यांनी १८०१ मध्येच शोधले होते. १८५८ मध्ये फ्रेंच वैद्य झां-मार्तँ शार्को यांनी आर्कजवळ काम करणाऱ्यांची त्वचा लाल होण्याचे कारण उष्णता नसून हे किरण आहेत, असे मांडले. कार्बनच्या आर्कने धातू सांधण्याची रीत निकोलाय बेनार्डोस यांनी १८८१ मध्ये दाखवली. १९०४ मध्ये ऑस्कर शेलबेर्ग यांनी लेप दिलेला रॉड आणला आणि वेल्डिंग जगभरच्या कारखान्यांत पोहोचले. क्रम लक्षात घेण्याजोगा आहे: किरणांचा अपाय वेल्डिंगच्या जन्माआधी तेवीस वर्षे ठाऊक होता.

तरीही हा अपाय आजही होतो, कारण तो त्या क्षणी जाणवत नाही. उघड्या डोळ्यांनी आर्क पाहणारा वेल्डर संध्याकाळी नीट घरी जातो. काही तासांनी, बहुधा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू भरल्यासारखी आग होते, पाणी वाहते, उजेड सोसत नाही. बुबुळावरील नाजूक पेशी जळालेल्या असतात. हीच शिक्षा जॉब धरून बसलेल्या हेल्परला आणि पांढऱ्या भिंतीवरून परतलेल्या किरणांमुळे शेजाऱ्यालाही मिळू शकते.

धुराचीही तीच तऱ्हा. दिल्लीच्या उन्हाळ्यात घरोघरी लागणाऱ्या कूलरचा पत्रा जस्ताचा मुलामा दिलेला असतो. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळते. आर्कचे तापमान त्याच्या कितीतरी पट. तो पांढरा धूर श्वासात गेला, तर काही तासांनी थंडी वाजून ताप येतो आणि दुसऱ्या दिवशी उतरतो, म्हणून कोणी तो मनावर घेत नाही. वेल्डिंगच्या धुराचा फुप्फुसांवरील परिणाम याहून संथ असतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९० मध्ये हा धूर ‘कदाचित कर्ककारक’ ठरवला होता; २०१७ मध्ये तो आणि वेल्डिंगचे अतिनील किरण, दोहोंना तिने निश्चित कर्ककारकांच्या गटात घातले.

भारतीय कायद्याने हे ओळखले होते. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या ३५ व्या कलमात प्रखर प्रकाशापासून डोळ्यांच्या रक्षणाची तरतूद होती. ३७ व्या कलमाने ज्वालाग्राही पदार्थ असलेली टाकी तो पदार्थ काढून टाकल्याशिवाय वेल्डिंगला घेण्यास मनाई केली. परंतु हा कायदा सामान्यतः विजेवर चालणाऱ्या, १० वा अधिक कामगारांच्या कारखान्याला लागू होता. २०२० च्या संहितेने कारखान्यासाठी ही संख्या २० केली. ग्रिल आणि फाटके घडवणारी दोन-तीन माणसांची दुकाने कक्षेबाहेरच राहिली.

या दुकानांचे सख्खे भावंड म्हणजे भंगाराची शेड. पश्चिम दिल्लीतील मायापुरीत एप्रिल २०१० मध्ये जे घडले त्यात वेल्डिंगचा दोष नव्हता. पण न बोलणारा धोका तिथे पराकोटीला पोहोचला. दिल्ली विद्यापीठातील, १९८५ पासून न वापरलेले एक गॅमा किरणयंत्र लिलावातून भंगारात आले. कामगारांनी ते उकलले. आतल्या कोबाल्ट-६० ला ना वास होता, ना चटका. सात जण रुग्णालयात दाखल झाले, त्यांतील एक दगावला. धातू हाताळणाऱ्याला धातूचा पूर्वेतिहास कोणी सांगितला नव्हता.

म्हणून कामाला हात घालण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न हाच: या वस्तूत पूर्वी काय होते? टाकीत डिझेल होते का, पत्र्यावर जस्त आहे का, डब्यावरची खूण कशाची? मग रॉडच्या साध्या वेल्डिंगसाठी दहा ते बारा क्रमांकाची काच असलेले हेल्मेट (उन्हाचा चष्मा चालत नाही), हेल्परलाही तेच, धूर तोंडासमोरून ओढून नेणारी हवा, कोरडे हातमोजे, सुस्थितीतील केबल आणि अर्थिंग, जवळ वाळूची बादली.

मेहरौलीचा सांधा सोळा शतके टिकला. तो करणाऱ्यांच्या डोळ्यांचे काय झाले, याची नोंद कुठेही नाही. आजच्या वेल्डरच्या बाबतीत असे अज्ञान आपल्याला शोभणारे नाही. जे त्याचे शरीर वेळेवर सांगू शकत नाही, ते विज्ञान दीडशेहून अधिक वर्षे सांगत आले आहे.