टायटन: ‘आजवर काही झालं नाही’ या वाक्याची किंमत

आजचा एपिसोड समुद्राच्या तळाचा आहे. ऐकायला थोडा जड जाईल, पण शेवटपर्यंत थांबा, कारण विषय फक्त पाणबुडीचा नाही.

१८ जून २०२३, उत्तर अटलांटिक. पोलर प्रिन्स नावाच्या जहाजावरून टायटन ही छोटी पाणबुडी खाली निघाली. आत पाच जण होते. ओशनगेट कंपनीचे प्रमुख स्टॉकटन रश स्वतः चालवत होते. सोबत टायटॅनिकच्या अवशेषांपर्यंत ३७ वेळा जाऊन आलेले फ्रेंच तज्ज्ञ पॉल-आन्री नार्जोले, ब्रिटिश उद्योजक हॅमिश हार्डिंग, पाकिस्तानी वंशाचे उद्योजक शहजादा दाऊद आणि त्यांचा १९ वर्षांचा मुलगा सुलेमान. एका सीटची किंमत होती अडीच लाख डॉलर, आणि जायचं होतं सुमारे ३,८०० मीटर खाली, टायटॅनिक बघायला.

दीड तासाने, सुमारे ३,३०० मीटरवरून, दोन वजनं सोडल्याचा मेसेज वर आला. त्याच्या काही सेकंद आधी जहाजावर एक दबका आवाज ऐकू आला होता. रश यांच्या पत्नी वेंडी तेव्हा संपर्काच्या डेस्कवर होत्या. हा आवाज कसला, असं त्या विचारतात, आणि तेवढ्यात मेसेज येतो. म्हणजे सगळं ठीक आहे, असं सगळ्यांना वाटलं. खरं तर मेसेज वर पोचायला वेळ लागला होता. तो वाचला गेला तेव्हा पाचही जण गेलेले होते.

पुढचे चार दिवस तुम्हाला आठवत असतील. प्रत्येक न्यूज चॅनेलवर ऑक्सिजनचं काउंटडाउन, गेमिंग कंट्रोलरवर चालणारी पाणबुडी म्हणून मीम्स. २२ जूनला टायटॅनिकच्या पुढच्या टोकापासून सुमारे ५०० मीटरवर तुकडे सापडले. कंट्रोलरवर सगळे हसले, पण तो मुद्दाच नव्हता. कंट्रोलर बंद पडला तर दुसरा लावता येतो. पाणबुडीचं मुख्य कवच गेलं तर दुसरा चान्स नसतो.

तर ते कवच समजून घेऊ. ३,८०० मीटर खोलीवर पाण्याचा दाब आपल्या डोक्यावरच्या हवेच्या साधारण ३८० पट असतो. नखाएवढ्या जागेवर जवळपास चारशे किलो! म्हणून इतक्या खोल जाणाऱ्या पाणबुड्यांमध्ये माणसं बसतात ती जागा गोल असते आणि जाड पोलाद किंवा टायटॅनियमची असते. गोलावर दाब सगळीकडून सारखा वाटला जातो. पण गोलात माणसं मावतात दोन-तीन. तिकिटं विकायची तर जास्त माणसं हवीत. म्हणून रश यांनी लांबट नळकांडं बनवलं, तेही कार्बन फायबरचं, पाच इंच जाड, आणि दोन्ही टोकांना टायटॅनियमच्या टोप्या.

कार्बन फायबर वाईट असतं का? अजिबात नाही. विमानात ते उत्तम चालतं. पण विमानात हवेचा दाब आतून बाहेर असतो, म्हणजे धागे ताणले जातात. दोरी ओढली की ताकद दाखवते; तीच दोरी दोन्ही टोकांनी आत ढकलून बघा. पाणबुडीत दाब बाहेरून आत येतो. शिवाय हे मटेरियल थराथरांचं असतं, आपल्या चहाबरोबरच्या खारीसारखं. आतला एखादा थर सुटला तरी बाहेरून खारी अख्खीच दिसते. प्रत्येक डाइव्हला थोडं थोडं नुकसान साठत जातं आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही.

हे रश यांना कुणी सांगितलं नव्हतं का? सांगितलं होतं, आणि एकाने नाही. २०१८ च्या जानेवारीत कंपनीचेच सागरी विभागप्रमुख डेव्हिड लॉक्रिज यांनी लेखी रिपोर्ट दिला की कवचाची नीट तपासणी झालेली नाही. समोरच्या खिडकीला फक्त १,३०० मीटरपर्यंतचीच मान्यता मिळणार, हेही त्यांनी मांडलं. त्यांना नोकरीवरून काढलं, वर कोर्टात खेचलं. त्याच वर्षी मार्चमध्ये या क्षेत्रातल्या तीन डझनांहून जास्त लोकांनी रश यांच्या नावे पत्र तयार केलं. म्हणणं एवढंच होतं की बाहेरच्या मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्या. २०१९ मध्ये बहामाजजवळ टायटनमधून डाइव्ह केलेले कार्ल स्टॅन्ली यांनी कवचातून कडकड आवाज आल्याचं ईमेलने कळवलं. त्या पहिल्या कवचाला पुढे तडा सापडला आणि ते बदलावं लागलं. पण पद्धत बदलली नाही.

इथे मला थांबायचंय, कारण या गोष्टीतला सगळ्यात विचित्र भाग पुढे आहे. रश मूर्ख नव्हते. प्रिन्स्टनमधून एरोस्पेस इंजिनिअरिंग शिकलेला माणूस. २०१९ च्या एका मुलाखतीत त्यांचं म्हणणं असं होतं, की या धंद्यात ३५ हून जास्त वर्षांत कुणाला दुखापतही झालेली नाही, सगळं नियमांमुळे प्रचंड सुरक्षित आहे, पण त्यामुळेच नवं काही घडत नाही. म्हणजे बघा हं, नियम पाळले म्हणून कुणी मेलं नाही, आणि कुणी मेलं नाही म्हणून नियमांची गरज नाही! छत्री घेतल्यामुळे कोरडा राहिलेला माणूस म्हणतो, मी तर भिजलोच नाही, मग छत्री कशाला?

आणि हे नियम कुठून आले? १९१२ ची टायटॅनिकच घ्या. जहाजावर सुमारे २,२०० माणसं, आणि लाइफबोटींमध्ये जागा १,१७८ जणांना. गंमत म्हणजे हे बेकायदेशीर नव्हतं. ब्रिटिश नियम १०,००० टनांपर्यंतची जहाजं डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले होते आणि टायटॅनिक होती ४६,००० टनांची. नियमापेक्षा चार बोटी जास्तच होत्या तिच्यावर! साधारण १,५०० माणसं गेली, तेव्हा १९१४ मध्ये समुद्रातल्या जीविताच्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला.

दुसरं उदाहरण, १० एप्रिल १९६३. अमेरिकन नौदलाची थ्रेशर ही पाणबुडी १२९ जणांसह बुडाली. त्याच वर्षी नौदलाने ‘सबसेफ’ नावाची कडक तपासणी पद्धत आणली, जिच्यात प्रत्येक महत्त्वाच्या भागाची कागदोपत्री नोंद लागते. त्यानंतर या पद्धतीने प्रमाणित झालेली त्यांची एकही पाणबुडी बुडालेली नाही. सेफ्टीचं पुस्तक म्हणजे अशा गेलेल्या माणसांची यादी असते. आपण त्याला ‘कागदपत्रांची कटकट’ म्हणतो.

तुम्ही म्हणाल, पण नवं काही करायचं तर नियम मोडावेच लागतात ना? याचं उत्तर त्याच समुद्रात होतं. २०१९ मध्ये व्हिक्टर व्हेस्कोव्हो यांची ‘लिमिटिंग फॅक्टर’ ही पाणबुडी जगातल्या सगळ्यात खोल जागी, जवळपास ११ किलोमीटर खाली गेली, तीही एकदा नाही तर परत परत. त्याच वर्षी ती टायटॅनिकपर्यंतही गेली. आणि ती बाहेरच्या संस्थेने पूर्ण तपासून प्रमाणित केलेली होती. म्हणजे नवं करणं आणि तपासून घेणं, दोन्ही एकत्र जमतं. खर्च आणि वेळ लागतो, एवढंच.

ओशनगेटने मात्र पळवाट शोधली. डाइव्ह आंतरराष्ट्रीय पाण्यात करायची. पैसे भरणाऱ्याला प्रवासी म्हणायचंच नाही, ‘मिशन स्पेशालिस्ट’ म्हणायचं. आणि फॉर्मवर सही घ्यायची, ज्यात मृत्यूचा उल्लेख एकदा नाही, अनेकदा होता.

१५ जुलै २०२२ ला, ८० व्या डाइव्हनंतर वर येताना मोठा धमाका ऐकू आला. कवचावरच्या सेन्सर्सची आकडेवारी त्या दिवसानंतर बदलली होती. ज्या यंत्रणेच्या भरवशावर रश सांगत होते की धोका आधीच कळेल, तिने खरोखरच सांगितलं होतं! पण कवच फ्रेममध्ये सरकलं असेल, असं समजून काम पुढे गेलं. मग टायटन हिवाळाभर कॅनडात उघड्यावर, गोठवणाऱ्या थंडीत पडून राहिली आणि उन्हाळ्यात पुन्हा समुद्रात उतरली. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकन कोस्ट गार्डच्या चौकशी अहवालाने स्पष्ट लिहिलं की हा अपघात टाळता आला असता. कंपनीत प्रश्न विचारणाऱ्याला नोकरीची भीती घातली जायची, हेही त्यात आलं.

रश यांनी स्वतःचा जीव त्याच पाणबुडीत घातला, म्हणजे त्यांचा विश्वास खरा होता. पण मला सारखं वाटत राहतं ते सुलेमानबद्दल. विश्वास रश यांचा होता, १९ वर्षं सुलेमानची होती. सही करताना त्याला लॉक्रिजचा रिपोर्ट कुणी दाखवला असेल का? ‘धोका मान्य आहे’ म्हणणं तेव्हाच खरं, जेव्हा धोका किती आहे ते समोर ठेवलेलं असतं.

आपल्यापैकी कुणी टायटॅनिक बघायला जाणार नाही. पण तारकर्लीला स्कूबा करतो, पॅराग्लायडिंग करतो, पावसाळ्यात दोरीवरून धबधब्यात उतरतो. तिथेही फॉर्म येतो आणि आपण न वाचता सही करतो. पुढच्या वेळी सही करण्याआधी एकच प्रश्न विचारा: हे सामान तुमच्याशिवाय बाहेरच्या कुणी, कधी तपासलंय? उत्तर ‘अहो, आजवर काही झालं नाही’ असं आलं, तर पैसे खिशात ठेवा आणि किनाऱ्यावर बसून भजी खा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर ऐकत राहा आणि प्रश्न विचारत राहा.