हलके ट्रायपॉड हेड

ट्रायपॉडचे पाय आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणारा, कॅमेरा हव्या त्या दिशेला वळवू देणारा आणि वळवलेल्या जागी घट्ट धरून ठेवणारा भाग म्हणजे ट्रायपॉड हेड. साधारण अर्ध्या किलोच्या आतले हेड हलके समजले जाते. मुंबईच्या उपनगरांत या वजनाला विशेष महत्त्व आहे. इथला हौशी छायाचित्रकार बहुधा लोकलने निघतो, स्टेशनचे जिने चढतो, रिक्षा किंवा बस बदलतो आणि मग बोरिवलीच्या जंगलात किंवा भांडुपच्या खाडीकाठी पोचतो. गर्दीच्या डब्यात पाठीवरची सॅक पुढे घ्यावी लागते, तेव्हा त्यातला प्रत्येक शंभर ग्रॅम जाणवतो. पण हेडचे वजन कमी करताना त्याची पकडही कमी झाली, तर ते हेड वाहून नेण्याचे श्रम फुकट जातात. म्हणून हलके हेड निवडणे म्हणजे कोणते वजन टाकून द्यायचे आणि कोणते ठेवायचे हे ठरवणे होय.

मुंबईत छायाचित्रणाची संघटित सुरुवात जुनी आहे. १८५४ मध्ये बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातले शहरातले नामवंत छायाचित्रकार. ओल्या काचपट्टीच्या त्या दिवसांत एका चित्राला कित्येक सेकंद लागत. त्यामुळे कॅमेऱ्याखाली लाकडी तिकाटणे असणे अनिवार्य होते आणि ते उचलायला माणूस सोबत असे. १९३७ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया मुंबईत उभी राहिली, तोवर कॅमेरे हातात मावू लागले होते. आज सेन्सरची संवेदनशीलता आणि कॅमेऱ्यातले कंपनरोधन इतके वाढले आहे की ट्रायपॉडची गरज पूर्वीपेक्षा कमी वेळा पडते. मात्र जिथे पडते तिथे त्याला पर्याय नाही.

हेडचे प्रकार मोजके आहेत. बॉल हेडमध्ये एक गोळा वाटीत बसलेला असतो आणि एकच नॉब फिरवून तो सर्व दिशांना एकदम सुटतो वा आवळला जातो. वजनाच्या मानाने सर्वांत जास्त पकड यातच मिळते, त्यामुळे हलके हेड म्हटले की बहुतेक वेळा बॉल हेडच अभिप्रेत असते. पॅन-टिल्ट हेडला प्रत्येक दिशेसाठी वेगळा दांडा असतो. चौकट अचूक लावण्यासाठी ते उत्तम, पण त्याचे बाहेर आलेले दांडे लोकलच्या दारात लोकांच्या पिशव्यांत अडकतात. गिंबल हेडमध्ये लांब लेन्स तिच्या गुरुत्वमध्यावर टांगली जाते आणि बोटाच्या स्पर्शाने फिरते. पूर्ण आकाराच्या धातूच्या गिंबलचे वजन सव्वा-दीड किलोपर्यंत जाते. फ्लुइड हेड चलचित्रणासाठी असते.

खरेदी करणाऱ्याची सर्वांत मोठी फसगत होते ती खोक्यावर छापलेल्या भारक्षमतेमुळे. तीनशे ग्रॅमच्या हेडवर 'भारक्षमता १५ किलो' असे लिहिलेले असते आणि वाचणारा समजतो की आपली तीन किलोची सामग्री त्यावर निर्धास्त राहील. हा आकडा कसा मोजायचा याबद्दल उत्पादकांमध्ये एकवाक्यता नाही. सरळ उभ्या हेडवर ठेवलेले वजन आणि वाकवलेल्या हेडवर ठेवलेले वजन या अगदी निराळ्या गोष्टी आहेत. वाकवलेल्या अवस्थेत हेडला वजन पेलायचे नसते, पीळ पेलायचा असतो.

उदाहरण घेऊ. पक्षीछायाचित्रकारांमध्ये लोकप्रिय असलेली निकॉनची २००-५०० मि.मी. लेन्स सुमारे २.३ किलोची आहे. कॅमेरा आणि त्याला हेडवर अडकवणारी प्लेट धरून एकूण भार सव्वातीन किलोच्या आसपास जातो. या सामग्रीचा गुरुत्वमध्य गोळ्याच्या केंद्रापासून १० सें.मी. वर असेल आणि हेड ३० अंश कलते केले असेल, तर गोळ्यावर सुमारे १.६ न्यूटन-मीटर पीळ येतो. उलट १.१ किलोचा मिररलेस कॅमेरा आणि रुंद कोनाची लेन्स, गुरुत्वमध्य ६ सें.मी. वर, तितकाच कल, यात पीळ भरतो जेमतेम ०.३ न्यूटन-मीटर. वजन तिप्पट आणि पीळ पाचपट, तो गुरुत्वमध्य उंच गेल्यामुळे. म्हणून हेड निवडताना आपली सर्वांत लांब लेन्स कोणती आणि ती किती उंचावर बसते हे आधी पाहावे. किलोचा छापील आकडा त्यानंतर. लेन्सला स्वतःचा पाय असेल तर कॅमेऱ्याऐवजी त्या पायावरच प्लेट लावावी. भार पुढे झुकत नाही आणि हलक्या हेडवरही काम निभते.

पिळाला तोंड देणारी पकड गोळ्याच्या आकाराबरोबर वाढते. तेवढ्याच जोराने आवळले तर ४० मि.मी. व्यासाचा गोळा २८ मि.मी.च्या गोळ्यापेक्षा सुमारे दीडपट पीळ रोखतो, कारण घर्षण केंद्रापासून अधिक अंतरावर काम करते. बाजारात साधारणपणे ३० मि.मी. गोळ्याचे हेड ३०० ग्रॅमच्या, ३६ ते ४० मि.मी.चे ४०० ते ४५० ग्रॅमच्या आणि ५५ मि.मी.चे पाऊण किलो किंवा त्याहून जास्त वजनाच्या घरात असते. उपनगरातल्या फिरत्या छायाचित्रकारासाठी मधला गट सर्वांत शहाणपणाचा. पहिल्या गटापेक्षा तो फक्त शंभर-दीडशे ग्रॅमने जड आहे, पण छोट्या टेलिफोटोपर्यंत सगळे सांभाळतो.

गोळ्याइतकेच लक्ष त्याच्या मानेकडे द्यावे, आणि तेच सहसा दिले जात नाही. गोळा आणि प्लेट पकडणारा क्लॅम्प यांना जोडणारा हा दांडा बारीक असेल तर गोळा कितीही घट्ट आवळा, वरचा कॅमेरा थरथरतोच. गोल दांड्याचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. १२ मि.मी.ऐवजी १५ मि.मी. मान मिळाली तर ताठपणा जवळजवळ अडीचपट होतो आणि वजनात पडणारा फरक काही ग्रॅमचा असतो. हा ताठपणा किती लागतो हे लेन्सच्या नाभीय अंतरावर अवलंबून आहे. ४ मायक्रॉनचा एक पिक्सेल ५०० मि.मी. लेन्सखाली आकाशातला अवघा १.७ विकला एवढा कोन व्यापतो, तर २४ मि.मी. लेन्सखाली ३४ विकला. म्हणजे जो कंप निसर्गदेखाव्यात दिसणारही नाही, तोच पाणपक्ष्याच्या डोळ्याची धार घालवतो.

मग वजन वाचवायचे कुठे? गोळा पोकळ असेल तर तिथे, हेडचे अंग जाळीदार कापलेले असेल तर तिथे, अनावश्यक बुडबुडापट्ट्या आणि मोठ्या रबरी मुठींत, अवाढव्य प्लेटमध्ये. अमेरिकेतील अ‍ॅक्राटेक कंपनीचे हेड उघड्या सांगाड्याचे, ग्रीसविरहित आणि अर्ध्या किलोहून हलके असते; हा विचार मुंबईच्या वाळू-चिखलाला विशेष मानवणारा आहे. आर्का-स्विस या मूळच्या स्विस कंपनीने गोळा किंचित अंडाकृती ठेवण्याची युक्ती वापरली. कॅमेरा जसजसा कलतो तसतसे घर्षण आपोआप वाढते आणि नॉब सैल असतानाही लेन्स एकदम धाडकन खाली पडत नाही. ज्या हलक्या हेडला घर्षण जुळवण्याचा वेगळा नॉब नाही, त्यावर महागडी लांब लेन्स लावू नये, असे स्पष्ट म्हणायला हवे. सुटलेली लेन्स बोटे चेचते किंवा ट्रायपॉड उलटवते.

प्लेट आणि क्लॅम्पच्या बाबतीत आर्का-स्विस पद्धतीची, सुमारे ३८ मि.मी. रुंदीची, उतरत्या कडांची खाच आता जवळपास सर्वमान्य झाली आहे. मात्र वेगवेगळ्या कंपन्यांच्या प्लेटमध्ये काही दशांश मिलिमीटरचा फरक असतो. स्क्रूने आवळणारा क्लॅम्प हा फरक सामावून घेतो. खटक्याचा क्लॅम्प झटपट चालतो, पण परक्या प्लेटला कधी सैल तर कधी अतिघट्ट बसतो. मित्रांत प्लेट अदलाबदल होत असतील तर स्क्रूचा क्लॅम्प घ्यावा. कॅमेऱ्याच्या तळाचा आटा १/४ इंचाचा असतो, हेडच्या बुडाचा बहुधा ३/८ इंचाचा. उभ्या चौकटीसाठी गोळ्याची मान वाटीच्या कडेच्या खाचेत आडवी पाडण्याऐवजी कॅमेऱ्याला एल-ब्रॅकेट लावले तर गुरुत्वमध्य पायांच्या वरच राहतो. शंभरेक ग्रॅमचे हे ब्रॅकेट हलक्या हेडला जड हेडच्या तोडीला आणते.

बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौ. कि.मी.चे आहे. मुख्य प्रवेशद्वारापासून कान्हेरी लेणी सहा-सात कि.मी. आत आहेत आणि पुढे कातळात खोदलेल्या पायऱ्या आहेत. शंभराहून अधिक लेण्यांच्या या समूहात तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहात उजेड मंद असतो. व्हरांड्यातली उभी बुद्धमूर्ती सुमारे ७ मीटर उंच आहे. इथे रुंद लेन्स, कमी संवेदनशीलता आणि सेकंदभराचे उद्भासन असा मामला असतो, त्यामुळे ३० ते ३६ मि.मी.चे हेड पुरते. उंच मूर्तीकडे कॅमेरा वर रोखताना मात्र हेडचा मागचा कल मोकळा हवा. स्मारक केंद्र सरकारच्या संरक्षणाखाली असल्याने ट्रायपॉड लावण्याची परवानगी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून आधी घ्यावी लागते. याच उद्यानात पावसाळ्यात अळंबी, कोळी, बेडूक आणि दर आठ वर्षांनी फुलणारी कारवी टिपायला निकटचित्रण करणारे येतात. त्यांची अडचण वेगळी आहे. स्वस्त बॉल हेड नॉब आवळल्यावर केसभर खाली बसते. एरवी हे कळत नाही, पण किडा सेन्सरवर त्याच्या खऱ्या आकाराएवढा उमटत असतो तेव्हा चौकटच बदलते. त्यांनी हेडमध्ये शंभर ग्रॅम वाचवण्यापेक्षा न बसणारे हेड घ्यावे आणि ट्रायपॉडचा मधला दांडा काढून टाकून वजन कमी करावे.

मुलुंड-भांडुपकडे गणित पालटते. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झाले आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. रोहित पक्ष्यांचे थवे हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत इथे असतात. भांडुप पंपिंग स्टेशनच्या परिसरातून किंवा काठावरून चित्रण करायचे तर लांब लेन्स अटळ, आणि तिथे तीनशे ग्रॅमचे हेड घेऊन जाणे ही चुकीची काटकसर ठरते. पूर्ण गिंबल झेपत नसेल तर बॉल हेडच्या क्लॅम्पमध्ये बसणारे बाजूचे अर्धे गिंबल चांगले. विंबर्ली कंपनीचे तसे साधन सुमारे ६०० ग्रॅमचे आहे, पण त्याखाली ४० मि.मी.हून मोठ्या गोळ्याचे हेड आणि आडवे फिरणे रोखणारा घट्ट पॅन-लॉक लागतो. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून निघणाऱ्या बोटीत मात्र ट्रायपॉड नेऊच नये. इंजिनाची थरथर पायांतून थेट कॅमेऱ्यात चढते आणि शेजारच्यांची जागा अडते. तिथे हात किंवा एकपायी मोनोपॉड, आणि त्यावर फक्त पुढे-मागे झुकणारे छोटे हेड, एवढेच बरे.

अंधेरीत चित्रपट-मालिकांचा व्यवसाय असल्यामुळे कॅमेरा-सामग्री दिवसाच्या भाड्याने मिळते. विकत घेण्याआधी दोन-तीन हेड भाड्याने वापरून पाहण्याची ही सोय उपनगरवासीयांनी जरूर वापरावी. खरेदीसाठी अजूनही फोर्टमधल्या बोरा बाजारात जाणे होतेच. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मुंबईची पहिली मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली आणि तिच्या उजेडाच्या रेषा रात्री टिपणे हा घाटकोपर-अंधेरीच्या तरुणांचा आवडीचा विषय झाला. त्यासाठी दहा ते तीस सेकंदांचे उद्भासन लागते. पादचारी पुलावर उभे राहिले की गाडी जाताना किंवा माणसे चालताना पूलच हलतो आणि त्यावर कोणत्याही किमतीचे हेड उपाय करू शकत नाही. भक्कम जमिनीवरची जागा शोधावी, वाट अडवू नये, टाइमर किंवा रिमोट वापरावा.

न हलण्याची सर्वांत कठोर परीक्षा कॅमेरा ट्रॅपमध्ये, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप चित्र टिपणाऱ्या मांडणीत, होते. मुंबईचे नयन खानोलकर यांच्या 'द अ‍ॅली कॅट' या चित्राला २०१६ च्या वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धेत शहरी विभागाचे पारितोषिक मिळाले. राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या वस्तीतल्या गल्लीतून रात्री जाणारा बिबट्या त्यात दिसतो. गल्लीतल्या नेहमीच्या उजेडाशी जुळतील असे फ्लॅश लावून त्यांनी सुमारे चार महिने वाट पाहिली. अशा कामात हेडचा गोळा गुळगुळीत फिरतो की नाही याला किंमत नसते. आवळलेला नॉब आठवडेच्या आठवडे तसाच राहिला पाहिजे आणि पावसाने स्क्रू गंजता कामा नये. साधे, कमी सांध्यांचे हेड इथे सरस ठरते.

दुकानात तपासताना आपलीच लेन्स न्यावी. ती हेडवर कलती बसवून कॅमेऱ्याच्या पडद्यावर दूरची एखादी पाटी दहापट मोठी करून पाहावी आणि नॉब आवळावा. पाटी किती सरकली ते हेडचे बसणे. मग लेन्सच्या टोकावर हलकी टिचकी मारावी आणि चित्र किती वेळात शांत होते ते पाहावे. पॅनचा तळ सैल करून हळू फिरवताना अडखळला तर ते हेड नाकारावे. ट्रायपॉडच्या माथ्यावर खालून आवळायचे छोटे स्क्रू आहेत का हेही बघावे. लोकलच्या धक्क्यांनी आणि डावीकडे वळवताना हेड बुडातून सुटते. ते या स्क्रूंनी रोखले जाते.

वर्सोवा, आक्सा किंवा गोराईच्या किनाऱ्यावरून आल्यावर हेड गोड्या पाण्याने ओल्या केलेल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवावे. गोळ्याला तेल कधीही लावू नये. घर्षणावरच त्याची सगळी पकड उभी आहे. वाळूचा कण वाटीत शिरला तर नॉब पूर्ण सैल करून मऊ ब्रशने तो काढावा, जोर लावून गोळा फिरवू नये. कणाने गोळ्याच्या ॲनोडाइज्ड थरावर एकदा चरा पाडला की त्या जागी हेड दर वेळी अडखळते. पावसाळ्यात हेड सॅकमध्ये ओले बंद करून ठेवू नये आणि नॉब सैल ठेवावेत, म्हणजे आतल्या पोलादी स्क्रूंना हवा लागते. हेडमध्ये सर्वांत आधी गंजतात ते हेच स्क्रू.