सन २००० चे बोस्टन

एडवर्ड बेलामी या अमेरिकन ग्रंथकाराची ‘लुकिंग बॅकवर्ड’ ही कादंबरी १८८८ साली प्रसिद्ध झाली. आम्ही ती युनियनच्या कचेरीत, शब्दकोश शेजारी ठेवून, दोन पावसाळ्यांत वाचून काढली. सातवीत शाळा सुटलेल्या माणसाचे वाचन असेच चालावयाचे.

तिचा नायक ज्यूलियन वेस्ट १८८७ साली बोस्टन शहरी झोपी जातो, तो जागा होतो २००० साली. झोपण्यापूर्वी बिचाऱ्याचे लग्न रखडलेले असते, कारण नव्या घराचे काम संपांमुळे पुरे होत नाही! श्रोतेहो, आम्हांला येथे हसू आले; पण काळ हसण्याचा नव्हता. १८८६ च्या मे महिन्यात आठ तासांच्या दिवसासाठी शिकागोत लढा झाला आणि १८८७ च्या नोव्हेंबरात चार कामगार पुढारी फासावर गेले. त्या धगीतच हे पुस्तक लिहिले गेले.

बेलामीच्या २००० साली पैसा नाही. प्रत्येकाला राष्ट्रीय उत्पन्नाचा सारखा वाटा पुठ्ठ्याच्या एका कार्डावर मिळतो. टेलिफोनच्या तारेवरून घरबसल्या गाणे ऐकू येते. दुकानात मालाचे नुसते नमुने. मागणी हवेच्या नळीतून मध्यवर्ती वखारीत जाते आणि वखारीतून माल घरपोच येतो. कार्ड, गाणे, वखार हे सगळे आज आपल्या खिशातल्या फोनवर आहे. या बाबतींत तो गृहस्थ फारसा चुकला नाही.

तो जुना वाटतो तो त्याच्या कामगारांमुळे. एकवीस ते पंचेचाळीस वयाचे सारे स्त्रीपुरुष एका औद्योगिक सेनेत शिस्तीने उभे! त्याच्या डोळ्यांसमोर मोठे कारखाने होते, मोठे ट्रस्ट होते. ते वाढत वाढत शेवटी राष्ट्राचेच होतील असा त्याचा हिशेब. विल्यम मॉरिसला ही फौज मुळीच रुचली नाही. त्याने १८९० साली उत्तरादाखल दुसरे स्वप्न लिहिले. पण फौज फुटेल असे बेलामीला वाटले नाही. आम्हांलाही कोठे वाटले होते? १९८२ साली मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा आम्ही अर्ध्या चड्डीत त्या सभांच्या कडेला उभे होतो. एवढी माणसे पांगतील हे त्या वयात खरे वाटले नसते. प्रत्यक्ष २००० साल उजाडले तेव्हा गिरणगावातले कित्येक भोंगे कायमचे थांबलेले होते.

आता वखार आहे. नळीच्या जागी मात्र स्कूटरवरचा पोरगा आहे. त्याला कामगार म्हणत नाहीत, ‘पार्टनर’ म्हणतात. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने त्याला ‘गिग कामगार’ असे नाव दिले, पण तेही नेहमीच्या मालक-नोकर नात्याबाहेरचा म्हणून. परवा अशा दहाबारा पोरांना आम्ही कचेरीत बोलावले. चहा झाला. एकाने विचारले, “काका, मागणी करायची ती कोणाकडे?” आम्ही उत्तराची जुळवाजुळव करीत होतो, तोच त्याचा फोन वाजला आणि तो अर्धा चहा टाकून जिना उतरला.