बंदिवान पूर्वजांचा शोध (ऑस्ट्रेलिया)

१७८८ ते १८६८ या काळात ब्रिटनने हद्दपारीची शिक्षा देऊन सुमारे १,६२,००० स्त्रीपुरुष ऑस्ट्रेलियात पाठवले. त्यांचा व त्यांच्यामागून आलेल्या मुक्त वसाहतकऱ्यांचा माग वंशज आज सरकारी दप्तरांतून काढतात. ही दप्तरे वंशावळीसाठी लिहिलेली नव्हती. कोण कुठे आहे, कोणाची मुदत कधी संपते, कोण सरकारी शिध्यावर आहे, यावर नजर ठेवण्यासाठी ती लिहिली गेली. नोंद वाचताना हे सतत ध्यानात ठेवावे लागते.

अमेरिकेतील वसाहती स्वतंत्र झाल्यावर कैद्यांना तेथे पाठवणे थांबले आणि ब्रिटनमधील तुरुंग तुंबले. आर्थर फिलिप यांच्या हाताखालचा ११ जहाजांचा पहिला ताफा २६ जानेवारी १७८८ रोजी सिडनीच्या खाडीत नांगरला. न्यू साउथ वेल्समधील हद्दपारी १८४० मध्ये आणि व्हॅन डीमेन्स लँडमधील (आजचे टास्मानिया) १८५३ मध्ये थांबली. शेवटचे जहाज जानेवारी १८६८ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटलला आले.

शोधाची सुरुवात जहाजापासून करावी. जहाज सापडले की त्यावरील बंदिवानांची यादी, म्हणजे ‘इंडेंट’, हाती येते. सुरुवातीच्या याद्यांत नाव, न्यायालय, खटल्याची तारीख आणि ७ वर्षे, १४ वर्षे किंवा जन्मठेप एवढेच आढळते. १८२० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून याद्या भरगच्च होतात: वय, धर्म, साक्षरता, जन्मस्थळ, धंदा, उंची, डोळ्यांचा रंग, अंगावरील व्रण, गोंदण. पळालेला माणूस ओळखता यावा म्हणून टिपलेल्या या खुणा पणतू-खापरपणतूंसाठी पूर्वजाचे एकमेव चित्र ठरतात.

त्यानंतर सुटकेचे कागद पाहावेत. ‘टिकिट ऑफ लीव्ह’ मिळालेल्याला ठरावीक जिल्ह्यात स्वतःसाठी मोलमजुरी करता येई. सशर्त माफीत मायदेशी परतण्याची मुभा नसे, संपूर्ण माफीत असे. मुदत भरलेल्यास मुक्ततेचा दाखला मिळे. जन्मठेपवाल्याला तो मिळणे शक्यच नव्हते. त्यामुळे दाखला सापडला तर शिक्षा मुदतीची होती, हे आपोआप कळते.

वसाहतीचे हजेरीपट आणि नोव्हेंबर १८२८ ची खानेसुमारी, म्हणजे न्यू साउथ वेल्समधील पहिली जनगणना, यांत प्रत्येक नावापुढे माणूस वसाहतीत कसा आला हे लिहिलेले असते: मुक्त आलेला, इथेच जन्मलेला की मुदत भरून सुटलेला. मात्र या खानेसुमारीत आदिवासींची गणनाच नाही. ज्या कुटुंबांत आदिवासी आजी-पणजी होत्या, त्यांचा धागा येथे तुटतो.

लिहिणाऱ्याची दृष्टी नोंदीत कशी उतरते, याचे ठळक उदाहरण म्हणजे पाद्री सॅम्युअल मार्सडेन यांची १८०६ मधील स्त्रियांची यादी. इंग्लंडच्या चर्चच्या विधीने लग्न न झालेल्या प्रत्येक स्त्रीला त्यांनी ‘रखेली’ ठरवले. कॅथलिक विवाहही त्यांनी मानले नाहीत. अनेक सरळ संसारी बायका या एका शब्दामुळे दीडशेहून अधिक वर्षे बदनाम राहिल्या. वंशजांनी हा शब्द वस्तुस्थिती समजून वाचू नये.

आयर्लंडमधून आलेल्यांच्या बाबतीत ऑस्ट्रेलियातील प्रत अधिकच मोलाची आहे. डब्लिनचे सार्वजनिक अभिलेखागार जून १९२२ मध्ये जळाले आणि तेथील पुष्कळ कागद कायमचे गेले. शिवाय आयरिश नावे इंग्रज कारकुनांनी कानाला ऐकू आली तशी लिहिली. एकच माणूस तीन कागदांवर तीन स्पेलिंगांनी सापडतो. अक्षरांपेक्षा उच्चार शोधणे बरे.

मुक्त वसाहतकऱ्याचा माग बहुधा अधिक अवघड जातो. सरकारी खर्चाने आलेल्यांच्या याद्या आहेत, पण स्वतःचे भाडे भरून आलेला माणूस क्वचितच नोंदीत दिसतो. त्याच्यासाठी जमिनीचे दस्त आणि चर्चच्या नोंदवह्या चाळाव्या लागतात, कारण न्यू साउथ वेल्समध्ये जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी १८५६ मध्ये सुरू झाली. सुटलेल्या बंदिवानालाही जमीन मिळे: ३० एकर, विवाहित असल्यास आणखी २०, प्रत्येक मुलामागे १०. ती सारी जमीन आदिवासींची होती.

‘बंदिवानाचा डाग’ लपवण्यासाठी कित्येक घरांनी आजोबांचे नाव घेणेच सोडले होते. पुढे मात्र २००७ मध्ये युनेस्कोने याच दप्तरांना जागतिक स्मृतिनोंदीत स्थान दिले.

असाच शोध मराठी कुटुंबांनाही घेता येतो. मुंबई इलाख्यातील कैदीही हद्दपार होत. त्यांतील काही मॉरिशसला गेले. पुढे करारबद्ध मजूर म्हणून तेथे पोहोचलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज मोका येथील महात्मा गांधी संस्थेतील नोंदवह्या उघडतात. त्यांत मजुराचे मूळ ठिकाण, वय, उंची अशा नोंदी आहेत. काहींची छायाचित्रेही आहेत.