संग्रह आणि त्याची दुसरी प्रत

१९९८ सालीं अमेरिकेंतील कॅलिफोर्नियांत, पिक्सार या चित्रपटसंस्थेंत, एक विलक्षण प्रकार घडला. ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटाचा दुसरा भाग तेथें तयार होत होता. संगणकावर साठविलेल्या त्याच्या फाईली पाहतां पाहतां नाहींशा होऊं लागल्या. कोणाकडून तरी सर्व कांहीं पुसून टाकण्याची आज्ञा दिली गेली होती, आणि यंत्र आज्ञेचें प्रयोजन विचारीत नाहीं. घाईघाईनें वीज तोडण्यांत आली, तोंवर चित्रपटाचा बहुतेक भाग गेला होता.

संस्थेजवळ दुसरी प्रत नव्हती असें नव्हे. पण ती काढून पाहतां अपुरी निघाली. प्रत घेण्याचें काम कित्येक दिवस नीट होत नव्हतें, आणि घेतलेली प्रत परत वाचून पाहण्याची तसदी कोणीं घेतली नव्हती. परीक्षेवांचून विद्यार्थी वरच्या वर्गांत ढकलावा, त्यांतलाच हा प्रकार. अखेर उपयोगी पडला तो गॅलिन सुसमन या बाईंच्या घरचा संगणक. मूल लहान असल्यामुळें त्या घरूनच काम करीत, आणि तेवढ्यासाठीं चित्रपटाची एक प्रत त्यांच्या घरीं असे. तो संगणक पांघरुणांत गुंडाळून मोटारींतून जपून आणला गेला. पुढें कथानक मनास न आल्यामुळें चित्रपटाचा बराचसा भाग नव्यानेंच करावा लागला, ही गोष्ट निराळी!

असा संग्रह घरांत ठेवतां येणें हीच मुळीं अलीकडची गोष्ट. १९५६ सालीं आय. बी. एम. कंपनीनें चुंबकीय तबकड्यांचें पहिलें यंत्र विक्रीस आणलें. दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या, टनाहून अधिक वजन, आणि त्यांत मावत ५० लक्ष अक्षरें! आज मोबाईलवरील एकदोन छायाचित्रांत तेवढी जागा संपते. साठवण स्वस्त झाली तसे लग्नमुंजींचे सोहळे, मुलांचे बोबडे बोल, वडीलधाऱ्यांचे आवाज, सारें एकाच डब्यांत जाऊन पडूं लागलें.

१९८८ सालीं बर्कले येथील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ या तिघांनीं, स्वस्त तबकड्या एकत्र जोडून एक बिघडली तरी मजकूर शाबूत राखणाऱ्या रचनांचें विवेचन केलें. त्या रचनेच्या पेट्या आतां घरोघरहि मिळतात, आणि गैरसमज नेमका येथेंच होतो. जोडतबकडी ही तबकडीच्या बिघाडावरची तोड आहे. धन्याच्या चुकीवरची नव्हे. चुकून पुसलेलें छायाचित्र दोन्ही तबकड्यांवरून एकाच क्षणीं पुसलें जातें.

शिवाय पेटी एकाच घरांत. याचा अर्थ समजावयास अमेरिकेस जावयास नको. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें आणि पुण्याच्या नदीकाठच्या वस्तींत घरोघरचीं कागदपत्रें व छायाचित्रें चिखलांत गेलीं. एका कपाटांत तीन प्रती असत्या, तरी तिन्ही गेल्या असत्या. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकारामुळें रूढ झालेला नियम हेंच ध्यानीं घेतो: प्रती तीन, साधनें दोन प्रकारचीं, आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणीं. हें दुसरें ठिकाण इंटरनेटवरील भाड्याचें कोठार असेल, किंवा परगांवीं बहिणीचें कपाटहि चालेल. मात्र दिवाळीस बहीण माहेरीं येतांना तिनें ती तबकडी बरोबर आणावी, आणि ती जोडून आजोबांचा आवाज खरोखर ऐकूं येतो कीं नाहीं, तें सर्वांनीं बसून ऐकावें.